दोन बेंजो, एक पडवी

प्रश्न : ताई, नमस्कार. मी गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत राहतो. आंब्या-काजूची थोडी बाग आहे आणि पंधरा वर्षांचा असल्यापासून वाडीच्या जाखडीत, म्हणजे गणपतीतल्या आमच्या फेर धरून नाचायच्या खेळात, मृदंग वाजवतो. आमची वाडी तुरेवाली, म्हणजे शक्ती-तुऱ्याच्या सवालजवाबात तुऱ्याच्या बाजूची. मुलगी आठवीत आहे. चार-पाच वर्षांची होती तेव्हापासून माझ्या मांडीला मांडी लावून झांज वाजवायची. गणपतीत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागायची, आणि मी समेवर आलो की माझ्याकडे बघून हसायची.

गेल्या मे महिन्यात तिला मोबाईलवर ब्लूग्रास नावाचं अमेरिकेतलं संगीत सापडलं. तेव्हापासून कानात तेच. पाच तारांचा बेंजो पाहिजे म्हणून तिने हट्ट धरला. आंब्याचे पैसे हातात आले तसा मी शहरात गेलो, दुकानात ‘बेंजो द्या’ म्हटलं, दुकानदाराने आपला बटणांचा बेंजो दिला. घरी आणला. तिने खोका उघडला आणि रडायलाच लागली. म्हणाली, “पप्पा, हा खरा बेंजो नाय.” मला ते लागलं. ज्या बेंजोवर विसर्जनाला आख्खी वाडी नाचते तो खोटा कसा? मीही रागात बोलून गेलो, की ते तुझं गोऱ्यांचं टिंगटिंग माझ्या उंबऱ्याच्या आत नको. त्या दिवसापासून ती झांज घेऊन माझ्याशेजारी बसलेली नाही. या गणपतीतही नाही.

कुठला बेंजो खरा? ते संगीत नक्की असतं काय? आमच्या दमट हवेत ते वाद्य टिकेल का? आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नसताना मी तिच्यासोबत परत बसू कसा?

— एक वाचक, ता. गुहागर

उत्तर : दादा, दोन्ही बेंजो खरे.

तुम्ही आणलेल्याची गोष्ट आधी सांगते, कारण तो बिचारा सध्या खोक्यातच असणार. त्याचं मूळ नाव बुलबुल तरंग. 1912 च्या सुमारास जपानमधल्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी तैशोगोटो नावाचं वाद्य काढलं. लांबट लाकडी पेटी, वर ताणलेल्या तारा आणि टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हाताने नखीने तार छेडायची. तेच आपल्याकडे आलं आणि बुलबुल तरंग झालं. पुढे त्याला आवाज विजेवर मोठा करणारा पिकअप बसला, कर्णे लागले, आणि मुंबई-कोकणात मिरवणुकीपुढे तोच ‘बेंजो’ म्हणून गाजू लागला. ज्या वाद्यावर दोन-तीन पिढ्या नाचल्या, त्याला खोटं म्हणायचा अधिकार कुणाला नाही. तुमचं वाईट वाटणं अगदी रास्त आहे.

पण मुलीचंही चुकलेलं नाही. तिला हवा असलेला बेंजो वेगळ्या घराण्यातला, आणि पुष्कळ जुना. पश्चिम आफ्रिकेत सेनेगल-गांबियाच्या भागात जोला लोक आकोंटिंग नावाचं वाद्य वाजवतात. भोपळ्याच्या खोलगट वाटीवर ताणलेलं कातडं, त्यातून गेलेला लांब दांडा, तीन तारा. त्यातली एक आखूड, ती अंगठ्याने छेडायची. गुलाम म्हणून पकडून नेलेल्या आफ्रिकी माणसांनी 17 व्या शतकात कॅरिबियन बेटांवर आणि मग अमेरिकेत अशाच भोपळ्यांची वाद्यं घडवली. सोबत फारसं काही नेता आलं नाही, पण हातांना आठवत होतं ते त्यांनी तिथल्या भोपळ्यातून पुन्हा उभं केलं. गोऱ्या लोकांनी ते त्यांच्याकडून शिकून घेतलं ते 19 व्या शतकात. म्हणून ‘गोऱ्यांचं टिंगटिंग’ हे शब्द तुम्ही मुलीसमोर मागे घ्यावेत असं मला मनापासून वाटतं. ते वाद्य भोपळा आणि कातडं घेऊन जन्मलेलं आहे. आपली वीणाही भोपळ्याचीच, आणि तुमचा मृदंगही कातड्याचाच.

आता ब्लूग्रास. अमेरिकेच्या केंटकी राज्याला लाडाने ‘ब्लूग्रास स्टेट’ म्हणतात. तिथल्या रोझीन गावचे बिल मन्रो यांनी 1939 मध्ये आपल्या संचाला ‘ब्लू ग्रास बॉइज’ असं नाव दिलं, आणि पुढे त्या संगीतालाच ते नाव चिकटलं. मन्रो आठ भावंडांतले शेंडेफळ. घरातलं फिडल, म्हणजे व्हायोलिन, आणि गिटार थोरल्या भावांनी आधीच घेतलेलं, म्हणून यांच्या वाट्याला मेंडोलिन आलं. त्यातही आठातल्या चारच तारा लावायच्या, म्हणजे धाकट्याचा आवाज फार होणार नाही, अशी थोरल्यांची ताकीद. आई दहाव्या वर्षी गेली, वडील सोळाव्या. मग ते पेन नावाच्या फिडल वाजवणाऱ्या मामाकडे राहिले, आणि नाचाच्या रात्री मामाच्या साथीला बसत बसत त्यांचा हात तयार झाला. वाडीतल्या मुलाचा हात आपल्याकडे असाच तयार होतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

1945 च्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्ज नावाचा 21 वर्षांचा मुलगा या संचात आला आणि तीन बोटांनी बेंजो वाजवायची त्याची पद्धत ऐकून लोक खुर्चीतून उठले. तुमची मुलगी दिवसभर जे ऐकते ना, तो झरझर पडणारा स्वरांचा पाऊस, तो याच माणसाच्या बोटांतून आलेला. संचात फिडल, बेंजो, मेंडोलिन, गिटार आणि उभा बास, म्हणजे खर्जातलं मोठं तंतुवाद्य, असतो. ढोल, ताशा, ड्रम काही नाही. सुरुवातीच्या काळात एकाच माइकभोवती सगळे उभे राहायचे. ज्याची पाळी तो पुढे सरकायचा, वाजवून झालं की मागे, आणि पुढचा त्याच्या जागी. तुमच्या जाखडीत गाणारे-वाजवणारे मध्ये बसतात आणि नाचणारे भोवती फिरतात. तिथे वाजवणारेच फिरतात.

हे सगळं मी सांगितलं तरी तुमचा खरा प्रश्न शेवटचा आहे. तिच्यासोबत बसायचं कसं? त्याचं उत्तर तुमच्या हातातच आहे. तिच्या बेंजोची भाषा मी तुम्हाला आपल्या स्वरांत सांगते.

त्या बेंजोच्या पाच तारा बहुतेक वेळा अशा मिळवतात : सगळ्यात आखूड पाचवी तार वरचा सा, मग खालचा प, मधला सा, ग आणि प. इंग्रजीत त्याला जी ट्यूनिंग म्हणतात. जी म्हणजे आपल्या पेटीवरची पांढरी पाच. नुसता हात फिरवला तरी सा-ग-प बोलतं. आणि ती आखूड पाचवी तार दाबायची नसतेच सहसा. ती आपली गाण्याच्या मध्ये मध्ये वरचा सा देत राहते, तुणतुण्याने शाहिराला सूर द्यावा तशी. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

आता बोटं. उजव्या अंगठ्यात प्लॅस्टिकची नखी, तर्जनी आणि मधल्या बोटात धातूच्या नख्या. साधा फॉरवर्ड रोल असा असतो : अंगठा-तर्जनी-मधलं, अंगठा-तर्जनी-मधलं, अंगठा-मधलं. स्वर पडतात सा ग प, वरचा सा ग प, वरचा सा प. आठ मात्रा झाल्या. तीन, तीन, दोन. दादा, हे तोंडाने म्हणून बघा : तकिट तकिट तक. तकिट तकिट तक. तुमची मुलगी बोटांनी जे करायला धडपडणार आहे ते तुम्ही पंधराव्या वर्षापासून करताय.

मग तुम्ही काय वाजवायचं? मृदंगाच्या डाव्या पुडीला नेहमीपेक्षा जरा जास्त कणीक लावा, आवाज खाली बसू दे. पहिल्या आणि पाचव्या मात्रेला डाव्याचा ‘धूम’. तिसऱ्या आणि सातव्या मात्रेला उजव्या हाताने बंद ‘टक’, आस न ठेवता. बाकी काही नाही. तिकडे धूम बासवाला देतो आणि टक मेंडोलिनवाला. तारा चटकन दाबून सोडतो, त्याला ते चॉप म्हणतात. तुम्ही एकटे दोघांचं काम करणार. गंमत पुढे आहे. तिचा जोर पडतो पहिल्या, चौथ्या आणि सातव्या मात्रेवर. पहिलीला तुम्ही दोघं एकत्र. तिसरीला तुमची टक एकटी, चौथीला तिचा अंगठा एकटा, तिथे दोघांनाही आत ओढल्यासारखं होईल आणि मुलगी घाबरून थांबेल. थांबू द्या. पुन्हा सुरू करा. सातवीला दोघं परत भेटता, आणि लगेच सम येते. सुरुवातीला इतकं सावकाश घ्या की मध्ये वाफाळता चहा पिता यावा. तिहाई नको, तुकडा नको, लग्गी तर मुळीच नको. निदान पहिला महिनाभर तरी.

हे इतकं बजावून सांगतेय त्याला कारण आहे.

माझे बाबा कुडाळात पेट्या दुरुस्त करायचे आणि मी लहानपणापासून भजनाला पेटीवर बसते. माझा मुलगा दहावीच्या सुट्टीत कुणाकडून तरी जुनं मेंडोलिन घेऊन आला आणि हेच संगीत शिकायला लागला. मला इतका आनंद झाला, की त्याने दोन स्वर छेडले की मी लगेच पेटी ओढून बसायची. तो चालीचा पहिला तुकडा वाजवतो न वाजवतो तोच मी पुढचा भरून काढायची, वर हरकत घ्यायची, तो अडखळला की बरोबर स्वर वाजवून दाखवायची. मला वाटायचं, किती छान साथ करतेय मी. काही महिन्यांनी लक्षात आलं, की मी पडवीत आले की तो मेंडोलिन पिशवीत घालतो.

त्या वर्षी गणपतीच्या दुसऱ्या रात्री आरत्या झाल्या, पाहुणे पांगले आणि पावसात लाईट गेली. मखरासमोरच्या समईच्या उजेडात तो एकटाच हळू हळू वाजवत होता. मी बाहेर आले आणि सवयीने पेटीकडे हात गेला. तो थांबला. खूप वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “आई, तू पेटी वाजवतंस तेवा माका माझीच तार आयकाक येणा नाय. नुसतो सूर धरून ठेव गे.”

मेंडोलिनचा आवाज किती? छेडला की विरतो. पेटीचा स्वर भाता हलतोय तोवर उभाच. मी त्याच्या प्रत्येक स्वरावर घोंगडी टाकत होते. त्या रात्री मी पांढरी पाचचा सा आणि वरचा प, एवढीच दोन बोटं ठेवली आणि भाता जेमतेम हलवला. त्याने एक चाल सातदा चुकवली. सातही वेळा माझी बोटं शिवशिवली आणि मी ती जागेवरून हलवली नाहीत. आठव्यांदा चाल पुरी झाली. मग न सांगता त्याने आमच्या भजनातला एक गजर मेंडोलिनवर काढायला घेतला. तो गजर मी त्याला कधीच शिकवला नव्हता. वर्षानुवर्षं पेटीच्या मागे झोपून ऐकलेला. तुमच्या मुलीच्या कानातही तुमच्या जाखडीच्या चाली अशाच पडून आहेत, दादा. त्या कुठे जात नाहीत.

त्या स्क्रग्ज यांची लहानपणाची एक गोष्ट तिला सांगा. वडील ते चार वर्षांचे असताना गेले, घरात वडिलांचा बेंजो राहिला. अर्ल आणि त्यांचा भाऊ होरेस पाठीला पाठ लावून उभे राहायचे, एकच गाणं एकदम सुरू करायचे आणि वाजवत वाजवत घराला उलट्या बाजूंनी वळसा घालायचे. घराच्या मागे गेलं की दुसऱ्याचं नीट ऐकू येत नाही. समोरासमोर भेटले की बघायचे, अजून तालात आहोत का. तुमच्या घराला खळं आहे, मागचं परसू आहे. ती झांज घेऊन आंब्याच्या बाजूने जाऊ दे, तुम्ही टाळ्या देत विहिरीच्या बाजूने. बेंजो यायचा तेव्हा येईल, हे आजपासून करता येईल.

आणखी एक घर आठवतं. नॉर्थ कॅरोलायनातल्या डीप गॅपचे डॉक वॉटसन, तान्हेपणीच डोळे गेलेले. ते साधारण 11 वर्षांचे असताना वडिलांनी त्यांना घरीच बेंजो करून दिला. त्यावर चढवलेलं कातडं मांजराचं होतं. पुढे ते गिटारवादक म्हणून मोठे झाले. पण त्यांच्या मुलाला, मर्लला, गिटार त्यांनी शिकवली नाही. 1964 मध्ये डॉक दौऱ्यावर असताना घरी आईने, रोझा ली यांनी, त्याला पहिले कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडायचे स्वर, दाखवले. वडील परतले तर पोरगा वाजवतोय. त्याच वर्षी त्यांनी त्याला सोबत मंचावर बसवलं, आणि मग वीसेक वर्षं ते दोघं एकत्र हिंडले. मर्ल 1985 मध्ये ट्रॅक्टरच्या अपघातात गेला. त्याच्या आठवणीत विल्क्सबोरो गावात 1988 पासून ‘मर्लफेस्ट’ भरतो.

तुमच्या पत्रात मुलीच्या आईचा एक शब्दही नाही. वहिनी गौरीला फुगडीची गाणी म्हणत असतीलच. त्यांनाही पडवीत बोलवा.

मुलींचं काय, असं वाडीत कुणी विचारलं तर दोन नावं सांगून ठेवते. ॲलिसन ब्राउन यांना 1991 मध्ये इंटरनॅशनल ब्लूग्रास म्युझिक असोसिएशनने वर्षातल्या सर्वोत्तम बेंजोवादकाचा पुरस्कार दिला. आणि कॅलिफोर्नियातली मॉली टटल. तिचे वडील जॅक टटल संगीत शिक्षक. तुमच्या लेकीच्याच वयाची, 13 वर्षांची असताना तिने वडिलांसोबत अल्बम केला होता. 2017 मध्ये गिटारसाठी तोच पुरस्कार मिळवणारी ती पहिली बाई.

आता खरेदी. दुकानात ‘फाइव्ह-स्ट्रिंग बेंजो’ असंच म्हणा, आणि पाचवी खुंटी दांड्याच्या मध्यावर, साधारण पाचव्या पडद्यापाशी आहे ना ते डोळ्यांनी बघा. मागे लाकडी झाकण असलेला रेझोनेटर बेंजो आवाजाला मोठा पण वजनाला चांगला साडेचार-पाच किलो भरतो; तेरा वर्षांच्या खांद्याला तो जड. मागून उघडा, ओपन-बॅक घ्या. घरात वाजवायला आवाज पुरतो. कातड्याऐवजी प्लॅस्टिकचं हेड असलेलाच घ्या. पावसात मृदंगाचं कातडं उतरतं आणि तुम्ही गठ्ठे ठोकत बसता, ते दुःख जुन्या बेंजोवाल्यांचंही होतं. 1950 च्या दशकाच्या शेवटी प्लॅस्टिकची हेडं आली तेव्हा ते सुटले.

टिकेल का? टिकेल, काळजी घेतली तर. आपल्याकडे लाकडापेक्षा आधी लोखंड जातं. खाऱ्या वाऱ्याने तारा महिन्याभरात खरखरीत होतात, हेड ताणून धरणाऱ्या बारक्या आकड्यांवर तांबूस डाग येतात. वाजवून झालं की प्रत्येक तार आजीच्या जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्याने वरून-खालून पुसायची. हे काम मुलीचं, तुम्ही करू नका. वाद्य पिशवीत, पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या, आणि पिशवी समुद्राकडच्या भिंतीला टेकवायची नाही. तारांखालची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबाने उभी असते. म्हणून सगळ्या तारा एकदम काढायच्या नाहीत, एकेक बदलायची. घोडी सरकली तर बारावा पडदा हा वरच्या टोकाची आडी आणि घोडी यांच्या बरोबर मध्यावर येतो, तेवढं मोजून बसवायची.

तुमचे शाहीर काळी चारला गात असतील तर बेंजोच्या पहिल्या पडद्यावर कॅपो नावाचा चिमटा लावायचा आणि पाचवी तारही तितकीच चढवायची. झाली काळी चार. म्हणजे पुढेमागे ती तुमच्या गणात बसू शकते. पण ही गोष्ट तुम्ही काढू नका. तिने काढली तर हो म्हणा.

तोवर एक करा. कानातल्या बोळ्यांऐवजी साधा स्पीकर आणा. रात्री जेवणं झाली की एक तुकडा तिच्या पसंतीचा, एक तुमच्या. तिचा चालू असताना मध्ये बोलायचं नाही. तुमच्या पाळीला तुम्ही झाकीर हुसेन, राकेश चौरसिया आणि बेंजोवादक बेला फ्लेक यांनी 2023 मध्ये मिळून केलेलं वादन लावू शकता. तबला, बासरी आणि तिचाच बेंजो. डोळे मिटून ऐका आणि तुमचा हात मांडीवर काय करतोय ते तिला दिसू द्या.

आणि तो बटणांचा बेंजो परत करू नका. तोही पांढरी पाचला मिळवता येतो. एखाद्या दिवशी ती तिचा तकिट तकिट तक धरेल, वाडीतला कुणी पोरगा बटणांवर चाल वाजवेल, तुम्ही धूम आणि टक द्याल. वाजलं की मला लिहा.

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त नॉर्थ कॅरोलायनात आहे. तिथे शनिवारी शेजारच्या लोकांबरोबर गोलात बसून गिटार वाजवतो. मी इथे वेंगुर्ल्यात. माझ्या सासूबाईंकडून आलेल्या जात्यावरच्या ओव्या मला येतात, त्याला त्या माझ्यासोबत वाजवायच्या आहेत. फोनवर प्रयत्न केला, पण आमचं काही जुळतच नाही. माझाच ताल गेला का?

— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : ताल तुमचा शाबूत आहे. फोनवरून आवाज पोहोचायला क्षणाचा थोडा भाग जातो. गप्पांमध्ये ते कळत नाही, तालात लगेच कळतं. तो तुमचं ऐकून वाजवतो, ते तुम्हाला उशिरा ऐकू येतं, तुम्ही थांबता, मग तो थांबतो, आणि दोघंही आपापल्या ठिकाणी स्वतःला दोष देता. एकाच वेळी वाजवायचा नाद सोडा.

ओवी तुम्ही एकट्या म्हणा आणि फोनवर रेकॉर्ड करून पाठवा. सुरुवातीला पेटीचा किंवा मोबाईलमधल्या तानपुऱ्याचा सा दहा मोजेपर्यंत राहू द्या, म्हणजे त्याला पट्टी सापडेल. टाळी, ठेका काही देऊ नका. ओवीची लय जात्याच्या खुंट्याला धरलेल्या हाताची असते, घास टाकताना ती मंदावते, आणि ती तशीच मंदावली पाहिजे. त्याला सांगा, की पूर्ण कॉर्ड न छेडता दोनच तारांवर सा आणि प धरायचे, ओळ संपली की मगच चार स्वर वाजवायचे. त्याने त्याचा भाग तुमच्या आवाजावर चढवून परत पाठवला, की तो ऐकून तुम्ही दुसरी ओवी म्हणा.

जातं अजून घरात असेल तर ते माळ्यावरून खाली काढा आणि मूठभर तांदूळ घालून खरंच फिरवत म्हणा. माझ्या मुलाने मला असंच करायला लावलं होतं. त्या रेकॉर्डिंगमध्ये दगडाची घरघर आहे, मध्येच माझ्या बांगड्या वाजतात, आणि तिसऱ्या ओवीला मागे कोंबडा ओरडतो. मी त्याला म्हटलं, ते कोंबड्याचं काढून टाक. त्याने ठेवलंय.